जुनी मोटार दीर्घकाळ चालवायची तर

आपल्या समाजात आज ज्यांच्या दारात मोटार उभी आहे, त्यांपैकी अनेकांनी ती जुनीच विकत घेतलेली असते. टेंभुर्णीहून सोलापूर सुमारे ९० किलोमीटर. रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायचे असो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीस जायचे असो, शेजारीपाजारी हीच गाडी मागतात. तेव्हा तिच्या देखभालीविषयी चार गोष्टी सांगणे आम्हांस उपयोगाचे वाटते.

जुनी गाडी म्हणजे निकामी गाडी, हा समज बरोबर नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून.

आपल्याकडे इंजिनचा पहिला शत्रू पाणी. बोअरचे पाणी क्षारयुक्त. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिले की आतल्या बारीक नळ्यांत पांढरा थर साचतो, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. मारुती ८०० किंवा ओम्नीचे हेड ॲल्युमिनियमचे. जास्त तापले की ते वाकते, गॅसकेट जाते आणि खर्च हजारांत जातो. डिस्टिल्ड पाणी व कूलंट त्यामानाने फारच स्वस्त. काटा वर चढलेला दिसताच गाडी थांबवावी. मात्र झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. उसाच्या हंगामात रस्त्यावर धूळ फार, म्हणून एअर फिल्टरही लवकर साफ करावा.

या गाड्यांचा टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो तुटेपर्यंत वाट पाहू नये, पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. दोन वर्षांनी बदललेले बरे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचे वय पाहावे. बाजूवर चार आकडे असतात : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा.

पेट्रोलचीही एक नवी बाब आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. हे इथेनॉल आपल्याच उसातून निघते, ही आनंदाची गोष्ट. परंतु जुन्या गाडीतील रबरी नळ्या व गॅसकेट त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलचा वास आला की नळ्या आधी तपासाव्यात.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर व खर्च एका वहीत लिहावा. मिस्त्री बदलला तरी वही बोलते. नव्या गाडीचा हप्ता वाचतो, त्यातली थोडी रक्कम दरमहा आवर्त ठेवीत टाकावी. बेल्ट-टायरच्या वेळी उसनवारी करावी लागत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. त्याआधी गाडी उचलून खालचा पत्रा पाहावा. दाराचा गंज काढून लांबी भरता येते, पण चाकांचा भार जेथे पडतो तेथेच पत्रा सडला असेल तर इंजिन कितीही गोड चालो, ती गाडी ठेवू नये. नोंदणीकृत भंगार केंद्रात दिल्यास दाखला मिळतो व त्यावर आर.टी.ओ.कडील नोंद रद्द करून घेता येते.