रानकांदा भाजीचा नव्हे!

पहिल्या पावसानंतर माळावर, डोंगरउतारावर कांद्याच्या पातीसारखी पाने दिसतात. खणले तर खाली कांदाही निघतो. हा रानकांदा किंवा कोळकांदा. तो विषारी आहे.

ओळख अशी: भाजीच्या कांद्याची पात नळीसारखी पोकळ, रानकांद्याचे पान चपटे. पान चुरगळल्यावर कांद्याचा वास येत नसेल तर तो कांदा नव्हे. चव घेऊन पाहू नका. रसाने खाज सुटते, म्हणून हात धुवा.

याचे विष हृदयावर काम करते. उलट्या, जुलाब होतात, नाडी मंदावते. खोकल्यावरचे औषध म्हणून कुणी दिला तरी घेऊ नका. चुकून खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेला कांदा डॉक्टरांना दाखवा. मुलांनाही ही ओळख शिकवा.