लेडो रस्त्याचं मुंबईतलं टोक

१४ एप्रिल १९४४ चा स्फोट गिरगाव-परळच्या जुन्या घरांत अजून सांगितला जातो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं, पोटातली सुमारे १,४०० टन स्फोटकं उडाली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. पण मुंबई तेव्हा एका मोठ्या युद्धाचं कोठार झाली होती आणि त्या कोठारातून निघणारी एक वाट पार चीनपर्यंत जात होती, हे त्या गोष्टीत क्वचितच येतं.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनची रसद तुटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी इंजिनिअरांनी आसामातल्या लेडोपासून पाटकाईच्या जंगलातून नवा रस्ता काढायला घेतला. बंगालच्या उपसागरात जपानी आरमाराचा धोका, म्हणून सुरुवातीला बराच अमेरिकी माल कराची आणि मुंबईत उतरे. तिथून रेल्वेनं देश आडवा ओलांडायचा, अमीनगावला ब्रह्मपुत्रा फेरीबोटीनं पार करायची, मग मीटरगेजनं लेडो. माणसांचीही हीच वाट. ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली सुमारे ३ हजारांची अमेरिकी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरली, आपल्या देवळालीच्या छावणीत राहिली आणि फेब्रुवारीत लेडो रस्ता पायी तुडवत ब्रह्मदेशात शिरली. मे महिन्यात मिचिनाचा विमानतळ हाती आला, तोवर हिवताप आणि आमांशानं ती पार खिळखिळी झाली होती.

पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघून ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. अंतर १,७०० किलोमीटरच्या वर. रस्ता बांधताना हजाराहून जास्त अमेरिकी मेले. बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांच्यासोबत राबणाऱ्या चहामळ्यांतल्या मजुरांचा हिशेब मात्र कुणी नीट मांडला नाही, आणि मला सर्वांत जास्त तेच सलतं. एवढं करून जुलै १९४५ मध्ये विमानांनी चीनला ७१ हजार टन माल नेला, रस्त्यानं फक्त ६ हजार. पुढच्याच महिन्यात युद्ध संपलं.

आज भारताच्या वाट्याला या रस्त्याचे जेमतेम साठ किलोमीटर आहेत. अरुणाचलचा इनर लाइन परमिट काढून जयरामपूर, नामपोंग करत पांगसाऊ खिंडीपर्यंत जाता येतं. पलीकडे म्यानमारमधला बराचसा टप्पा पावसानं आणि रानानं गिळला आहे. जयरामपूरला झाडीत युद्धकाळातली दफनभूमी आहे. बहुतेक कबरी चिनी सैनिकांच्या, काही ब्रह्मदेशातल्या काचिन लोकांच्या आणि भारतीयांच्या. कितीतरी दगडांवर नावच नाही.