ताप गेला, पण विषाणू?

ताप उतरला की आपण म्हणतो, "रोगी बरा झाला." पण काही रोगांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. इबोला हा विषाणूमुळे होणारा रक्तस्रावी ज्वर त्यांपैकीच एक. २०१३ च्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात त्याची साथ सुरू झाली आणि लायबेरिया व सिएरा लिओनमध्ये पसरली. २०१६ पर्यंत २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून अधिक दगावले. जे वाचले, त्यांचे पुढे काय झाले?

डॉ. इयन क्रोझियर या अमेरिकन डॉक्टरांना २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये रुग्णसेवा करताना हा रोग जडला. उपचारांनी ते बरे झाले. पण पुढे त्यांचा डावा डोळा दुखू लागला आणि दृष्टी अंधुक झाली. डोळ्याच्या आतील द्रव तपासला, तर त्यात इबोलाचा जिवंत विषाणू निघाला! रक्तातून तो नाहीसा होऊन तेव्हा ९ आठवडे झाले होते.

रक्तात नाही, तो डोळ्यात कसा? विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. या झटापटीत त्या जागी सूज येते. हातापायाला हे सोसते, डोळ्याला नाही. घरात आलेल्या कवडशात धुळीचे कण चमकताना तुम्ही पाहिले असतील. कण प्रकाश विखुरतात; हाच टिंडल परिणाम. डोळ्यातील स्वच्छ द्रवात पेशी आणि प्रथिने मिसळली, तर तेथेही प्रकाश असाच विखुरतो. नेत्रवैद्य डोळ्यात प्रकाशाची बारीक पट्टी सोडून दाह ओळखतात, तो यावरूनच. दृष्टी जपण्यासाठी डोळ्यातील प्रतिकाराला मुळातच लगाम असतो. मेंदू आणि वृषण यांचेही तसेच आहे. विषाणूला नेमकी हीच जागा लपायला सापडते.

लायबेरियात सुमारे एक हजार वाचलेल्या लोकांची त्यांच्या निकटच्या माणसांशी तुलना केली गेली. दोघांचे राहणीमान सारखे, त्यामुळे आढळणारा फरक रोगामुळेच असण्याचा संभव अधिक. वर्षभरानंतर वाचलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांच्या डोळ्यांत दाह आढळला होता, तर इतरांत १५ टक्के. सांधेदुखी, डोकेदुखी, थकवा आणि विस्मरणही वाचलेल्यांत अधिक होते.

२०२१ मध्ये गिनीत पुन्हा साथ आली. तिच्या विषाणूची जनुकीय रचना जुन्या साथीतील विषाणूशी जवळजवळ जुळली. म्हणजे बऱ्या झालेल्या कोणाच्या तरी शरीरात तो बहुधा पाच-सहा वर्षे दडून होता.

मग अशा लोकांना दूर ठेवावे काय? मुळीच नाही. डॉ. क्रोझियर यांच्या डोळ्यात विषाणू होता, पण अश्रूंत नव्हता. बऱ्या झालेल्या माणसाशेजारी बसल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग होत नाही. तरीही कित्येकांना गावाने वाळीत टाकले. डॉ. क्रोझियर यांची दृष्टी औषधोपचारांनी परत आली. वाचलेल्या प्रत्येकाला हवी आहे ती अशीच वेळेवर तपासणी आणि शेजाऱ्यांची माया.