दोन टिंबांची जागा

कराडच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर असलेलं फ्लेक्सचं दुकान. सकाळचे अकरा वाजलेत. आत शाईचा उग्र वास, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुंडाळ्या आणि कॉम्प्युटरसमोर विशीतला एक मुलगा. मी भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलोय. हातात लाल पेन आहे आणि पहिल्या चार ओळींतच ते तीनदा थांबलंय. 'आशिर्वाद', 'मुहुर्त', 'जेष्ठ'. शी दीर्घ हवा, हू दीर्घ हवा, आणि ज्येष्ठातला य कुठे गेला? घरातली सगळ्यांत मोठी माणसं ज्या ओळीत उभी आहेत, तीच ओळ लंगडतेय.

मुलगा निमूटपणे एकेक अक्षर दुरुस्त करतोय. "मॅटर व्हॉट्सॲपवर आलंय सर. आम्ही तसंच उचलतो."

खरंच आहे त्याचं. भावजींनी फोनवर टाइप केलं, यानं उचललं, आता मी 'चालेल' म्हटलं असतं तर पाचशे पत्रिका तशाच निघाल्या असत्या. मधे वाचणारं कुणीच नाही. खिळ्यांच्या छापखान्यात कंपोझिटर मजकूर जुळवायचा, मग कच्चं प्रूफ निघायचं, आणि मुद्रितशोधक ते कागदाला नाक लावून वाचायचा. खिळे गेले ते जाऊ देत. तो वाचणारा माणूस गेला, हे मात्र मला रोज जाणवतं.

दारात एक गृहस्थ येऊन उभे राहतात. डोक्यावर टोपी, पायांवर धूळ, डोळे जागरणानं लाल. वडील परवा गेलेत. उद्या सावडणं. चार बाय सहाचा फ्लेक्स हवाय. फोटो आणि मजकूर पुतण्यानं फोनवर पाठवलाय.

"जरा पानी मिळंल का?"

"पाणी म्हणा, मामा. बाणातला ण," काउंटरवरचे मालक म्हणतात आणि हसतात.

मला ते हसणं लागतं. घरात माणूस गेलेला, चार कोस येऊन तहानलेला, आणि आपण त्याचा ण तपासतोय. 'पानी' ही त्यांची बोली आहे. आईनं घोट पाजला तेव्हापासूनचा शब्द आहे तो. त्यात सुधारण्यासारखं काही नाही. छापलेल्या अक्षराची गोष्ट वेगळी. ते चौकात आठ-आठ दिवस टांगलेलं असतं, शाळेत जाणारी पोरं ते वाचत जातात, आणि ते लिहून देण्याचे कुणीतरी पैसे घेतलेले असतात. तिथं मी हटून बसतो.

मी जवळची बाटली त्यांच्यापुढे करतो. ते उभ्यानंच पितात.

पडद्यावर फ्लेक्स तयार होतोय. वर कमळं, मधे वडिलांचा फेट्यातला फोटो, खाली लाल अक्षरं: 'भावपूर्ण श्रध्दांजली'. त्याखाली 'दुखःद निधन'. शेवटी 'शोकाकूल परिवार'.

"दादा, एक विचारू? छापायच्या आधी दोन-तीन अक्षरं बदलू या का?"

ते पडद्याकडे बघतात. "काय चुकलंय? नाव तर बरोबर हाय."

मी 'दुखःद'वर बोट ठेवतो. ही दोन टिंबं, विसर्ग, खच्या पुढे पडलीत. ती दुच्या पुढे हवीत. त्या विसर्गामुळेच पुढच्या खवर जोर येतो. तोंडानं म्हणून बघा.

"दुक्क," ते म्हणतात. मग पुन्हा, सावकाश, "दुक्क."

"बघा, तुम्ही बरोबर तिथंच जोर देताय. टिंबं तुमच्या बोलण्यात जागेवर आहेत, फ्लेक्सवर सरकलीत."

ते काही बोलत नाहीत. बोट पुढे करून पडद्यावर दु आणि ख यांच्या मधली जागा दाखवतात. "हितं घाल रं."

मुलगा घालतो. 'शोकाकूल'मधला कू ऱ्हस्व करतो. मग 'श्रध्दांजली'वर अडतो. "हे तर सगळीकडे असंच असतं सर."

असतं. म्हणून तर. हा शब्द श्रद्‌ आणि धा यांचा. आधी द, मग ध. शुद्ध, युद्ध, बुद्धी, सिद्ध, सगळीकडे हाच क्रम. अर्धा ध आधी काढून त्याला द चिकटवला, की 'शुध्द' होतो, आणि मग शुद्ध हा शब्दच अशुद्ध. मुलगा सांगतो, त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये अर्धा ध हाताशी आहे, जोडलेला द्ध शोधावा लागतो. तो दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा कळ सापडते. द्ध पडद्यावर उमटतो. तो मोठा करून बघतो, आणखी मोठा, द्ध पडदाभर होतो. "द खाली ध लटकलाय," तो स्वतःशीच म्हणतो.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी चार. अठराच. एका बैठकीत वाचून होतात. या मुलाला ते कुणी कधी दाखवले नाहीत. त्याला कोरल शिकवलं, फोटोमागचा रंग काढायला शिकवलं.

मशीन सुरू होतं. शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे सरकतं आणि फ्लेक्स बोटबोटभर बाहेर येतो. आधी कमळं, मग फेटा, मग डोळे. डोळे येतात तेव्हा ते गृहस्थ टोपी काढून हातात धरतात. मालक काउंटरवरून उठून त्यांच्यासाठी खुर्ची आणतात, स्वतः पुसून देतात. दुःखद बाहेर येतो. टिंबं जागेवर आहेत.

मुलगा मशीनकडे बघत नाहीये. त्यानं दुसरंच काही उघडलंय. काळ्या चौकटीतली, फोटोची जागा मोकळी ठेवलेली फाईल. श्रद्धांजलीचं प्रत्येक काम तो हिच्यावरूनच करतो. तीन वर्षं हीच वापरतोय म्हणे, आसपासच्या सगळ्या गावांसाठी. तो ध्द खोडतो, द्ध घालतो, 'स्मृतीदिन'वर येऊन थांबतो आणि माझ्याकडे वळून विचारतो.

"सर, ही ती पहिली का दुसरी?"

"पहिली. एकटा शब्द असेल तेव्हा स्मृती. दिनाला जोडला की स्मृति."

तो बदलतो आणि सेव्हची कळ दाबतो.