विली ओरी : बर्फावरचा समतेचा शिलेदार

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. परंतु आणखी एक हॉकी आहे आणि ती गोठलेल्या बर्फावर खेळली जाते. पायांत धारदार पाती बसवलेले बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती. या चकतीला 'पक' म्हणतात. प्रत्येक बाजूला सहा खेळाडू असतात आणि अंगावर अंग आदळणे हा खेळाचाच भाग असतो. आपल्या देशात लडाखची मुले-मुली हा खेळ आवडीने खेळतात. कॅनडात तर आपल्याकडे जसे क्रिकेट, तसा तो घराघरातला खेळ आहे.

या खेळातील सर्वात मोठी स्पर्धा म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतील संघांची नॅशनल हॉकी लीग. ती १९१७ साली सुरू झाली. त्यानंतर चाळीस वर्षे तिच्या बर्फावर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचे पाऊल पडले नाही. १८ जानेवारी १९५८ रोजी ते पडले. तो खेळाडू म्हणजे विली ओरी. या माणसाची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांना, विशेषतः घरातल्या मुलामुलींना करून देत आहोत.

तेरा भावंडांतले शेंडेफळ

विलीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेडरिक्टन या शहरात झाला. त्याचे पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. घरात तेरा भावंडे आणि विली सर्वात धाकटा. वडील शहराच्या रस्तेदुरुस्तीच्या कामावर होते. थंडीत ते घरामागच्या अंगणात पाणी सोडत, त्याचा बर्फ होई आणि मुले त्यावर खेळत. विली तिसऱ्या वर्षीच बर्फावर उभा राहिला. थोरल्या भावाने त्याला धक्का कसा द्यायचा आणि कसा सोसायचा, दोन्ही शिकवले.

कृष्णवर्णीयांना हा खेळ नवा नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्स येथे १८९५ मध्येच कृष्णवर्णीयांनी स्वतःची हॉकी लीग उभारली होती. पुढाकार त्यांच्या बाप्टिस्ट चर्चमधील मंडळींचा होता. तरुण मुले चर्चकडे यावीत, एकत्र राहावीत, हा त्यामागचा हेतू. आपल्या वस्तीतल्या विहाराभोवती तरुण मंडळे आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या, तसाच तो प्रकार. गुण होते, संघटन होते. मोठ्या लीगचे दार तेवढे बंद होते. १९४० च्या दशकातील हर्ब कार्नेगी हा तर अत्यंत कसलेला खेळाडू. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने त्याला बोलावले, पण देऊ केले ते खालच्या दर्जाच्या संघातले स्थान आणि तेही तो आधी मिळवत होता त्याहून कमी पैशांत. त्याने ते नाकारले. मोठ्या लीगमध्ये तो कधीच खेळू शकला नाही.

जॅकी रॉबिन्सनची भेट

अमेरिकेत बेसबॉल हा लोकप्रिय खेळ. त्यातील वर्णबंदी १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मोडली. विली हॉकीबरोबर बेसबॉलही खेळे. १९४९ मध्ये त्याच्या संघाला विजयाचे बक्षीस म्हणून न्यूयॉर्कची सहल मिळाली. तेथे त्याने रॉबिन्सनचा खेळ पाहिला आणि त्याला भेटलाही. मी बेसबॉल खेळतो, पण मला हॉकी जास्त आवडते, असे पोराने सांगितले. कृष्णवर्णीय मुले हॉकी खेळतात हे ऐकून रॉबिन्सनला नवल वाटले. तेरा वर्षांनी, १९६२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका समारंभात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा ब्रुकलिनमध्ये भेटलेला मुलगा तूच ना, असे रॉबिन्सनने स्वतःहून ओळखले.

एका डोळ्याचे गुपित

१९५५-५६ च्या हंगामात विली तरुणांच्या संघातून खेळत होता. एका सामन्यात वेगाने आलेली चकती त्याच्या तोंडावर आदळली. नाक मोडले आणि उजव्या डोळ्याची ९५ टक्के दृष्टी गेली. हॉकी विसरून जा, असे डॉक्टरांनी सांगितले. तो तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

दोन महिन्यांच्या आत तो पुन्हा बर्फावर उतरला. एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला लीगच्या नियमाने खेळता येत नसे. म्हणून ही गोष्ट त्याने फार थोड्या माणसांखेरीज कोणालाही कळू दिली नाही. तो डाव्या बाजूने खेळे, त्यामुळे चकती उजवीकडून येई, म्हणजे नेमकी न दिसणाऱ्या बाजूने. दर वेळी मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने तिचा वेध घ्यावा लागे. कातडीच्या रंगामुळे आधीच शंभर नजरा रोखलेल्या, त्यात हे ओझे. ते त्याने दोन दशकांहून अधिक काळ एकट्याने वाहिले.

बसमधील पाच दिवस

१९५६ मध्येच त्याला अमेरिकेच्या दक्षिण भागातून, जॉर्जिया राज्यातून, बेसबॉलच्या निवड शिबिराचे बोलावणे आले. अटलांटाच्या विमानतळावर उतरताच त्याने स्वच्छतागृहाच्या पाट्या पाहिल्या. एक 'फक्त गोऱ्यांसाठी', दुसरी 'काळ्यांसाठी'. वेगळा पाणवठा आणि वेगळी कपबशी ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्याला त्या पाटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

शिबिरातून त्याला परत पाठवण्यात आले. घरी येण्याचा प्रवास बसने, पाच दिवसांचा. सुरुवातीला त्याला बसच्या मागच्या बाकावर बसावे लागले. बस उत्तरेकडे सरकू लागली तसतसा तो पुढच्या बाकावर येत गेला. फ्रेडरिक्टनला पोहोचेपर्यंत त्याचा निर्णय झाला होता. बेसबॉल सोडायचा आणि सारी ताकद हॉकीत लावायची. त्याच काळात दक्षिणेतल्याच माँटगोमेरी शहरात बसमधील भेदभावाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बहिष्कार चालू होता. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, इकडे नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्माचा स्वीकार केला. वाचकांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. आम्ही शेवटी पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

तो ऐतिहासिक सामना

ओरी क्वेबेकच्या संघातून खेळत असताना बोस्टन ब्रुइन्स या मोठ्या संघाला एका जखमी खेळाडूच्या जागी माणूस हवा होता. ओरींना बोलावणे आले. १८ जानेवारी १९५८ रोजी माँट्रियलच्या मैदानावर ते उतरले आणि बोस्टनने तो सामना ३-० ने जिंकला. आपण इतिहास घडवला हे त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचल्यावर कळले!

त्या वेळी फक्त दोन सामने मिळाले. पुढे १९६०-६१ च्या हंगामात ते ४३ सामने खेळले. १ जानेवारी १९६१ रोजी त्यांनी पहिला गोल केला, तेव्हा बोस्टनच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पण सगळीकडे टाळ्या नव्हत्या. विशेषतः अमेरिकेतील शहरांत प्रेक्षक त्यांच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या देत. शिकागोमध्ये एका प्रतिस्पर्ध्याने शिवी देऊन काठीचे टोक त्यांच्या तोंडावर मारले. समोरचे दोन दात पडले, नाक मोडले. ओरींनीही काठी उगारून उत्तर दिले आणि मैदानात हाणामारी झाली. शिव्यांसाठी आपण कधी भांडलो नाही, पण अंगावर आल्यावर मागेही हटलो नाही, असे ते नंतर सांगत.

हंगाम संपला. पुढच्या वर्षीही तू संघात असशील, असे सांगून त्यांना घरी पाठवले गेले. काही आठवड्यांतच त्यांना दुसऱ्या संघाकडे देऊन टाकल्याची बातमी आली. मोठ्या लीगचे दार त्यांच्यासाठी कायमचे मिटले. एकूण ४५ सामने, ४ गोल. हिशेब एवढाच.

दार पुन्हा बंद

खेळ मात्र थांबला नाही. ओरी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दुय्यम लीगमध्ये गेले. लॉस एंजेलिसच्या संघात प्रशिक्षकाने त्यांना डावीकडून उजव्या बाजूला खेळायला लावले. आता चकती चांगल्या डोळ्याच्या बाजूने येऊ लागली! १९६४-६५ मध्ये त्यांनी ३८ गोल करून त्या लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. १९६८-६९ मध्ये सॅन दिएगोच्या संघाकडून पुन्हा ३८ गोल केले आणि पुन्हा अव्वल ठरले. १९७९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांनी काठी खाली ठेवली.

आता वाचकांनी एका गोष्टीवर विचार करावा. ओरींनंतर मोठ्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू कधी आला? १९७४ साली, माइक मार्सन. म्हणजे मध्ये तेरा वर्षे गेली. एक माणूस आत गेला म्हणून दार उघडे राहत नाही. मागून कोणी येत नसेल तर ते आपोआप पुन्हा लागते.

असेच एक उदाहरण आपल्या मातीतले आहे. पुण्यात वाढलेले चर्मकार समाजातील थोर गोलंदाज पालवणकर बाळू. ज्या संघाला ते सामने जिंकून देत, तेच सहकारी त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. मोठ्या भावाने वाट पाडली, घरातलेच भाऊ त्या वाटेने मागून आले आणि त्यांतला एक त्या पदापर्यंत पोहोचला. ओरींच्या मागे मात्र वाट रिकामी होती.

खरी कारकीर्द बासष्टाव्या वर्षी

निवृत्तीनंतर ओरींनी पोटासाठी मिळेल ते काम केले. सॅन दिएगोजवळच्या एका प्रसिद्ध हॉटेलात ते सुरक्षा विभागात नोकरीला होते. इतिहास घडवलेला माणूस गणवेश घालून पहारा देत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आमच्या अनेक वाचकांच्या घरी असे गणवेश आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. खंत आहे ती समाजाच्या विसरभोळेपणाची.

१९९८ मध्ये लीगला त्यांची आठवण झाली. गरीब वस्त्यांतील आणि सर्व वर्णांच्या मुलांपर्यंत हॉकी नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. या वयात माणूस नातवंडे खेळवतो. ओरी शहरोशहरी फिरू लागले. शाळांत गेले, वस्त्यांतील बर्फाच्या मैदानांवर गेले. हा महागडा खेळ, बूट-काठ्यांचा खर्च गरिबाला परवडत नाही, म्हणून ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांनी मुलांना साहित्य द्यावे, शिकवावे, अशी ही योजना होती. या उपक्रमातून लाखाहून अधिक मुलामुलींची हॉकीशी ओळख झाली असे लीग सांगते. मोठ्या लीगमध्ये पोहोचलेल्या पुढच्या पिढीतील अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी ओरींचे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे.

मग सन्मान आले. २००८ मध्ये त्यांच्या जन्मगावी एका क्रीडासंकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. १८ जानेवारी २०२२ रोजी बोस्टनच्या संघाने त्यांचा २२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या संसदेने त्यांना सुवर्णपदक देण्याचा कायदा संमत झाला.

पण आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो तो २०१८ चा सन्मान. त्या वर्षी हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या मानाच्या दालनात, त्यांचा समावेश झाला. तेथे खेळाडूंचा एक विभाग असतो आणि खेळाची उभारणी करणाऱ्यांचा दुसरा. चार गोलांवर कोणी पहिल्या विभागात जात नाही. ओरींना स्थान मिळाले ते उभारणी करणाऱ्यांच्या विभागात. २०२२ मध्ये हर्ब कार्नेगी यांनाही त्याच विभागात मरणोत्तर स्थान देण्यात आले.

आपल्यासाठी धडा

आता १९५६ कडे परत येऊ. त्या वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा बोलून दाखवली होती. शिकलेली माणसे वर गेली आणि समाजाला विसरली, असा तिचा आशय होता. ती खंत आजही आपल्या घरांत ऐकू येते. वस्तीतला एखादा मुलगा इंजिनिअर होतो, एखादी मुलगी साहेबाच्या खुर्चीवर बसते. आईबापांची छाती अभिमानाने भरून येते आणि यावीच. पण आपल्या घरातून पहिला कोण गेला, एवढ्यावर हिशेब संपत नाही. त्याच्या मागून वस्तीतली आणखी किती मुले गेली, हेही विचारले पाहिजे.

विली ओरींकडे धन नव्हते, मोठी पदवी नव्हती, एक डोळाही नव्हता. त्यांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे दुसऱ्यांच्या मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधण्यात घालवली. आपल्यापैकी कोणी रविवारी विहारात दोन तास मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणी आपली जुनी पुस्तके द्यावीत, कोणी गल्लीतल्या पोरांना कबड्डीचे डाव शिकवावेत. यासाठी लीग लागत नाही, सरकार लागत नाही.

मुलामुलींनो, तुम्ही ज्या दारातून आत जाल, ते मागच्यासाठी धरून ठेवा.

जय भीम!