सर डग्लस निकोल्स

ऑस्ट्रेलियांत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. इ. स. १८५९ मध्यें मेलबर्न येथें ज्याचे नियम प्रथम लिहिले गेले, असा तो एक निराळाच खेळ आहे. मैदान अंडाकृति, चेंडूही अंडाकृति. प्रत्येक पक्षाचे अठरा गडी. दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनें चेंडू गेल्यास सहा गुण, बाजूनें गेल्यास एक. चेंडू फेंकावयाचा नाहीं, मुठीनें हाणावयाचा. अशा धसमुसळ्या खेळांत अवघ्या पांच फूट दोन इंच उंचीच्या ज्या गृहस्थानें कीर्ति मिळविली, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

डग्लस निकोल्स यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजीं न्यू साउथ वेल्स प्रांतांतील कमेरागंजा या वसाहतींत झाला. ते योर्ता योर्ता या आदिवासी जमातीचे. त्या काळीं आदिवासींचीं मुलें सरकारी हुकुमानें आईबापांपासून हिरावून नेलीं जात. डग्लस आठ वर्षांचे असतांना त्यांच्या डोळ्यांदेखत पोलिसांनीं त्यांच्या थोरल्या बहिणीस नेलें.

तारुण्यांत ते मेलबर्नच्या कार्लटन संघाकडे सरावासाठीं गेले. तेथें खेळाडूंचें अंग रगडणाऱ्या नोकरांनीं त्यांच्या काळ्या अंगास हात लावण्याचें नाकारलें. हें वाचून आपल्या वाचकांस ‘विटाळ’ हा शब्द आठवेल. आणि तो आठवावाच, असें आम्हांस वाटतें.

निकोल्स खचले नाहींत. ते नॉर्थकोट संघांत गेले व १९२९ मध्यें त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. १९३२ मध्यें फिट्झरॉय संघानें त्यांस घेतलें. तेथेंही प्रथम ते कपडे बदलण्याच्या खोलींत एकटेच बसत. तेव्हां त्या संघाचा नामांकित खेळाडू हेडन बंटन आपण होऊन त्यांच्या शेजारीं येऊन बसला. १९३७ पर्यंत निकोल्स त्या संघाकडून चौपन्न सामने खेळले. १९३५ मध्यें व्हिक्टोरिया प्रांताच्या संघांत त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले आदिवासी होत.

खेळ संपला, पण कार्य संपलें नाहीं. फिट्झरॉय भागांत ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन त्यांनीं आपल्या निराश्रित बांधवांस आधार दिला व त्यांच्या हक्कांसाठीं आयुष्यभर खटपट केली. आदिवासींविषयीं राज्यघटनेंत भेद करणारीं वचनें काढून टाकावींत, असा कौल १९६७ मध्यें तेथील शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं दिला. त्या चळवळींत निकोल्स यांचा वांटा मोठा होता. १९७२ मध्यें त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १ डिसेंबर १९७६ रोजीं ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. दोन्ही मान मिळविणारे ते पहिलेच आदिवासी. प्रकृति ढासळल्यामुळें थोड्याच महिन्यांत त्यांस पद सोडावें लागलें. १९८८ मध्यें ते निवर्तले. कमेरागंजाच्याच मातींत त्यांना विसांवा मिळाला. २०१६ पासून त्या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेंतील एक फेरी त्यांच्या नांवानें ओळखली जाते.

आमच्या मतें, या चरित्रांत गव्हर्नरच्या आसनाइतकेंच महत्त्व त्या खोलींतील बांकास आहे. अन्याय घालविण्यास कायदा हवा, हें खरें. परंतु एकट्या पडलेल्याशेजारीं जाऊन बसण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. मुलांस ही गोष्ट सांगतांना पालकांनीं निकोल्सइतकाच बंटनही सांगावा.