काळा कोणाचा जास्त काळा?

२०२२ साली टीव्हीच्या बाजारात एक जुनी लढाई नव्याने जुंपली. दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने २०१३ मध्ये एक वक्र पडद्याचा ओएलईडी टीव्ही आणला होता. तो चालला नाही, कंपनीने गाशा गुंडाळला आणि पुढची कितीतरी वर्षं मोठ्या ओएलईडीचं नाव काढलं नाही. तेवढ्यात त्याच देशातल्या एलजीने ते मैदान एकटीने मारलं. मग २०२२ मध्ये सॅमसंग परत आली ती एस९५बी घेऊन. समोर एलजीचा सी२ उभा होता. तेव्हापासून दर वर्षी नावं बदलतात: सी३ आणि एस९०सी, सी४ आणि एस९०डी, सी५ आणि एस९०एफ. पण रात्री सिनेमा बघणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी हातात कंट्रोलर घेऊन बसणाऱ्या माणसापुढचा पेच तोच आहे. यातला घ्यायचा कुठला?

दोन्ही टीव्ही उत्तम आहेत, म्हणूनच डोकं चालेनासं होतं. दुकानात शेजारी शेजारी लावून बघितले तर जो जास्त झगझगतो तो आवडतो, आणि तिथेच गफलत होते. उत्तर दुकानात नसतं, आपल्या हॉलमध्ये असतं. ते कसं, हे या दोघांच्या पोटात डोकावलं की कळतं. आत भरपूर गमतीही आहेत.

एक पांढरा, एक निळा

ओएलईडीच्या पडद्यामागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. पूर्ण विझला की काळा, त्याहून काळं काही असूच शकत नाही. इथपर्यंत दोघे सारखे.

एलजीच्या पॅनलमध्ये ठिपका मुळात पांढरा उजेड देतो आणि वरचे फिल्टर त्यातून लाल, हिरवा, निळा वेगळा काढतात. शिवाय प्रत्येक ठिपक्यात एक चौथा भाग फिल्टरशिवाय, पांढराच ठेवलेला असतो. त्याचं काम फक्त उजेड वाढवणं. सॅमसंगचं पॅनल याच्या अगदी उलट वाटेने जातं. तिथे आतला सगळा उजेड निळा. निळा हवा तिथे तो तसाच बाहेर सोडायचा आणि लाल-हिरव्यासाठी त्याच्या वाटेत क्वांटम डॉट ठेवायचे.

हे क्वांटम डॉट म्हणजे अवघ्या काही नॅनोमीटरचे स्फटिककण, आणि या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच. पदार्थ तोच ठेवला तरी नुसता आकार बदलून त्यांचा रंग बदलतो! कण मोठा असेल तर तो लाल झळकतो, लहान असेल तर हिरवा, आणखी लहान असेल तर निळा. हे कण शोधणाऱ्या आणि नेमक्या मापाने बनवण्याची रीत बसवणाऱ्या मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल जाहीर झालं तेव्हा हे कण कितीतरी घरांतल्या भिंतींवर आधीच चमकत होते.

याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम असा: पांढऱ्या भागामुळे एलजीचा उजेड वाढतो, पण अगदी प्रखर दृश्यात रंग किंचित पातळ होतो. सॅमसंगमध्ये ती पांढरी भेसळ नाही. त्यामुळे आतषबाजी, निऑनच्या पाट्या, भर उन्हातलं लाल फेटेवालं ढोलपथक अशा ठिकाणी त्याचा रंग भरदार राहतो. मोबाइलला मॅक्रो कॅमेरा असेल तर पडद्याच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढून बघा. एलजीत उभ्या पट्ट्या दिसतील, सॅमसंगमध्ये तीन ठिपक्यांचा त्रिकोण. या त्रिकोणामुळेच कॉम्प्युटर जोडल्यावर अक्षरांच्या कडेला हिरवी-जांभळी बारीक किनार जाणवू शकते. टीव्हीवर एक्सेल उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोटोच्या रोलवाल्यांचा शोध

आजचा ओएलईडी ज्यातून उभा राहिला तो शोध कोरियात लागला नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला, फोटोचे रोल विकणाऱ्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी तो लावला. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८७ चा. कोडॅकने २००९ मध्ये हा अख्खा व्यवसाय विकला. घेणारी कंपनी एलजी.

पहिला विक्रीला आलेला ओएलईडी टीव्ही मात्र सोनीचा, २००७ चा एक्सईएल-१. पडदा ११ इंची, जाडी ३ मिलिमीटर आणि किंमत २ लाख येन.

शत्रूच्या घरचा माल

कंपन्यांच्या जाहिराती एकमेकींशी भांडतात, कारखाने मात्र एकमेकांना माल पुरवतात. २०२२ मध्ये सोनीने ए९५के काढला, त्यात पॅनल सॅमसंगच्या कारखान्याचं. २०२३ मध्ये सॅमसंगला ८३ इंची ओएलईडी विकायचा होता, पण तेवढं पॅनल ती स्वतः बनवत नव्हती. मग ८३ इंची एस९०सीमध्ये पॅनल आलं एलजीचं. म्हणजे मॉडेलचं नाव तेच, आकार बदलला की आतला मालच वेगळा. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव विचारून थांबू नका. ज्या इंचाचा टीव्ही घ्यायचा आहे त्या इंचात कुठलं पॅनल आहे, हे विचारा.

दुपारचे तीन आणि बाल्कनीचं दार

सगळ्यांत कमी बोलला जाणारा आणि आपल्या घरांसाठी सगळ्यांत मोलाचा फरक इथे आहे. एलजीच्या पडद्यावर पोलरायझर नावाचा एक पातळ थर असतो. बाहेरून पडलेला उजेड तो बराचसा गिळतो, त्यामुळे खोलीत प्रकाश असला तरी काळा काळाच दिसतो. सॅमसंगच्या पॅनलमध्ये हा थर नाही. त्यामुळे आतला उजेड वाया जात नाही, पण खोलीतला उजेड पडद्यावर पडला की काळ्याचा करडा होतो, थोडा जांभळट सुद्धा.

स्वतः पारखून बघायचं असेल तर दुकानदाराला दोन्ही टीव्ही बंद करायला सांगा आणि पडद्यांवर मोबाइलचा टॉर्च मारा. एक काळाच राहील, दुसऱ्यावर करडी-जांभळट झाक चढेल.

आता आपली घरं आठवा. टीव्ही हॉलमध्ये, हॉलला बाल्कनी, दार दिवसभर उघडं, आणि संध्याकाळी ‘अंधारात बघू नका, डोळे खराब होतील’ म्हणून कोणीतरी ट्यूब लावणारच. अशा घरात सॅमसंगचे ते भरदार रंग अर्धे फुकट जातात. माझं ठाम मत आहे की उजेडाच्या हॉलसाठी या दोघांत एलजी सरस. मात्र बेडरूममध्ये जाड पडदे ओढून, दिवे घालवून बघणारे असाल तर सॅमसंगच्या चित्राला तोड नाही.

१२० हा आकडा का?

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. साठला चोविसाने नीट भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, टीव्हीवर कॅमेरा संथपणे सरकताना चित्र बारीक अडखळतं. १२० ला मात्र २४ नेही भाग जातो, ३० नेही आणि ६० नेही. सिनेमावाले आणि गेमवाले दोघेही खूश व्हावेत असा हा आकडा.

गेममध्ये त्याचा फायदा हाताला कळतो. ६० हर्ट्‌झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० ला ८.३. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू बॅटवर येतानाचा तो क्षण निम्म्या वेळात डोळ्यांपर्यंत पोहोचतो. पण त्यासाठी गेम मोड चालू हवा. एरवी टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर खेळाडू जरा उशिराच हलतो.

पोर्टची गोष्ट तर ऐकण्यासारखी. ४के चित्र १२० हर्ट्‌झने घेणारी एचडीएमआय २.१ ची पोर्ट सी२ लाही चार आहेत आणि एस९५बीलाही चार. आणि प्लेस्टेशन ज्यांचं आहे त्या सोनीच्या ए९५केला? दोन. त्यातलंही एक साउंडबारचं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि साउंडबार असे तिन्ही असतील तर सोनीवाल्याला वायरी उपसत बसावं लागतं. आणखी एक: ४के १२० साठी केबलही तशीच लागते. पीएस५ च्या खोक्यात येणारी चालते, माळ्यावर पडलेली जुनी चालेलच असं नाही.

डॉल्बी व्हिजन म्हणजे उजेड-रंगांची दृश्यागणिक वेगळी मांडणी करणारं चित्रतंत्र. त्याचा वादही इथेच मिटवू. सॅमसंग कुठल्याच टीव्हीत डॉल्बी व्हिजन देत नाही, तिने २०१७ पासून ॲमेझॉनसोबत त्याच जातीचं एचडीआर१०+ पुढे रेटलं आहे. एलजी बरोबर उलटं करते. एक्सबॉक्स सिरीज एक्सवर गेमसुद्धा डॉल्बी व्हिजनमध्ये चालतात, तेव्हा एक्सबॉक्सवाल्यांनी सरळ एलजी घ्यावा. पीएस५ मात्र गेमसाठी डॉल्बी व्हिजन वापरतच नाही. पीएस५ असेल तर या मुद्द्यावर झोप उडवून घेऊ नका.

बदकं मारायची बंदूक

नव्वदच्या दशकात घरोघरी पिवळ्या-लाल कॅसेटचा व्हिडिओ गेम होता, सोबत बदकं मारायची बंदूक. ती बंदूक या दोन्ही महागड्या टीव्हींवर चालणार नाही. कारण गोळी पडद्याकडे जातच नव्हती, उलट पडद्याचा उजेड बंदुकीत शिरत होता. घोडा दाबला की क्षणभर अख्खा पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी तो दिसला तर बदक पडलं. पिक्चर ट्यूब हे क्षणात करायची. नवा टीव्ही चित्रावर काम करून मग ते दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते.

त्याही आधीची, १९७२ ची मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम. तिला रंग माहीत नव्हते. मैदान, भुताचा वाडा वगैरे दाखवण्यासाठी खोक्यात रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद यायचे, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे आणि खेळायचं.

कृपा करून बोर्डावरचं बटण बंद करू नका

ओएलईडीचे ठिपके सेंद्रिय पदार्थांचे, वापराने ते झिजतात. रोज तासन्‌तास त्याच जागी तेच चित्र राहिलं तर तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात आणि पुसट डाग राहतो. बातम्यांची खालची पट्टी, वाहिनीचा लोगो, क्रिकेटचा धावफलक, गेममधला कोपऱ्यातला नकाशा हे त्यातले मुख्य गुन्हेगार.

यावर टीव्हीने उपाय ठेवलेला असतो. एलजीवर एकूण चारेक तास बघून झाले की रिमोटने बंद केल्यावर टीव्ही गुपचूप ठिपके तपासून झिजेचा हिशेब सारखा करतो. त्याला वीज लागते. आणि आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डावरचा खटका बंद करण्याची सवय किती पक्की! चांगलीच सवय आहे ती, पण ओएलईडी त्याने लवकर म्हातारा होतो. रिमोटने बंद करा आणि थोडा वेळ जाऊ द्या. घरात सगळ्यांना, विशेषतः रात्री सगळे दिवे घालवत फिरणाऱ्या व्यक्तीला, हे समजावून सांगा.

जाता जाता

एलजीच्या टीव्हीतलं वेबओएस मुळात मोबाइलचं. पामने ते २००९ मध्ये फोनसाठी बनवलं, पाम एचपीने विकत घेतली, एचपीकडून २०१३ मध्ये ते एलजीकडे आलं.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून हीच विनवणी केली होती. फिल्ममेकर मोड लावला की ते आपोआप बंद होतं.

५५ इंचाऐवजी ६५ घेतला तर दहाच इंच वाढतात असं वाटतं, पण पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. टेबलावर ठेवून जवळून खेळायचं असेल तर एलजीची सी मालिका ४२ इंचातही मिळते.

मग कुठला?

उजेडाचा हॉल, एक्सबॉक्स, किंवा लहान आकार हवा: एलजी. अंधारी खोली, पीएस५, रंगांचं वेड: सॅमसंग, पण पॅनल विचारून. आणि घरात सकाळी सहापासून एकच बातम्यांची वाहिनी चालू असेल, तर दोघांनाही सोडा आणि पडद्यामागे बारीक दिवे असणारा चांगला मिनी एलईडी घ्या. त्यात काळा इतका काळा नसतो, अंधारात अक्षरांभोवती थोडं प्रभामंडळ दिसतं, पण दिवसभर चालणाऱ्या बातम्यांच्या पट्टीचं त्याला भय नाही.